पाच हजाराला चौदा कमी

आमचा कॉम्प्युटर अपात्र आहे, हे मला आमच्या कॉम्प्युटरनेच सांगितलं.

सकाळी सव्वासातला मी चहाचा कप टेबलावर टेकवतोय न टेकवतोय, तोच पडद्यावर एक निळी चौकट उगवली. तिच्यात लिहिलं होतं की आपली सिस्टीम जुनी झाली आहे, यापुढे तिला कुणी वाली उरणार नाही आणि नवी सिस्टीम घेण्यास आपलं यंत्र पात्र नाही. शब्द थोडे वेगळे असतील, पण आशय हाच. खाली दोन बटणं होती. एक 'ठीक आहे' आणि दुसरं 'नंतर आठवण करून द्या'. माझ्या मते ठीक काहीच नव्हतं, म्हणून मी दुसरं दाबलं. त्यानंतर त्याने रोज सव्वासातला इमानेइतबारे आठवण करून दिली.

मी पाणीपुरवठा खात्याच्या अभिलेख विभागात आहे. गेली एकतीस वर्षं माझ्या हातून एक चिटोरं गहाळ झालेलं नाही. 'अपात्र' हा शिक्का मी स्वतः शेकडो अर्जांवर मारलाय, आणि लगेच पुढचा अर्ज पुढ्यात ओढलाय. पण तोच शिक्का असा न सांगता आपल्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला की कसं वाटतं, ते मला पहिल्यांदाच कळलं. त्या दिवशी ऑफिसात मी दोन अर्जदारांशी उगाचच गोड बोललो.

नुसत्या अपमानाचा प्रश्न असता तर मी गिळला असता. एवढ्या वर्षांत सवय झाली आहे. प्रश्न बाबांचा होता.

बाबा, म्हणजे माझे वडील, वय वर्षं चौऱ्याऐंशी, रोज सकाळी दहा ते बारा त्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात. एकट्याने लावायचा तो खेळ. डाव जिंकला की पत्ते धबाधबा खाली सांडतात आणि कोपऱ्यात जिंकलेल्या डावांचा आकडा एकाने वाढतो. हा आकडा मुळात आईचा. तिनेच खेळ सुरू केला आणि तीन हजार एकशे बारावर ती गेली. "पाच हजार झाले की हे खोकं बंद करून टाकायचं आणि खिडकीत बसून माणसं बघायची," असं ती म्हणायची. तोवर माउसला बोट न लावलेले बाबा, ती गेल्यावर महिन्याभराने एक दिवस अंघोळ करून सरळ तिच्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी तिचाच आकडा पुढे चालवला. जेवायला बसताना ते रोज आकडा जाहीर करायचे. वाढला तर आम्ही सगळे मिळून खूश व्हायचो. आमच्या घरात दुसरं काही एवढं नियमित वाढत नाही.

आणि गेले तीन महिने तो आकडा चार हजार नऊशे शहाऐंशीवर अडकला होता. पाच हजाराला चौदा कमी.

रोज जेवताना मी विचारायचो, "बाबा, आज?" आणि बाबा ताटाकडे बघून म्हणायचे, "तेवढाच."

माणूस शहाणा असेल तर अशा वेळी स्वस्थ बसतो. मला मात्र लहानपणापासून कुतूहलाची खोड आहे. नळ गळत असेल तर लोक प्लंबर बोलावतात, मी आधी तो का गळतोय हे बघायला उघडतो आणि मग प्लंबर बोलावतो. तेव्हा मी एक दिवस रजा टाकून बाबांच्या पाठीशी उभा राहिलो. यंत्राची अवस्था खरोखर वाईट होती. पत्ता उचलला की तो जागचा हलायला इतका वेळ घेई, की मधल्या काळात माणसाने मत बदलावं. तेवढ्यात मला दिसलं की एक काळी नव्वी सरळसरळ लाल दश्शीवर बसतेय. बाबा ती बसवीनात. मी खाकरलो.

"दिसतंय मला," बाबा म्हणाले, आणि त्यांनी भलताच पत्ता हलवून डाव घालवला.

मी मनात दोन नोंदी केल्या. एक, बाबांचे डोळे तपासून घेणे. दोन, यंत्राच्या सुस्तीमुळे खेळाडूचं लक्ष उडत असून, नवी सिस्टीम घातल्याशिवाय आईचे पाच हजार होणे नाही. जेवताना मी हा निर्णय जाहीर केला.

"राहू दे रे," बाबा म्हणाले. "चाललंय ते बरं चाललंय."

"बाबा, तुम्ही काळजी करू नका. सगळं मी बघतो."

"म्हणूनच," बायको आमटीची वाटी पुढे सरकवत म्हणाली.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांना बोलवावं लागत नाही. ते जिन्यात वास घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंग घेऊनच आले आणि म्हणाले, "आधी किल्ली शोधा. पंचवीस अक्षरांची असते. डब्याच्या पाठीला चिकटवलेली. ती नसेल तर नवी सिस्टीम तुम्हाला चोर समजते."

डब्याच्या पाठीला एक कागद होता खरा, पण आमच्या घरात दर शनिवारी ओल्या फडक्याने सगळं पुसतात, त्यात मीही वाचत नाही. शेवटची पाच अक्षरं पुसून फिकट झाली होती. हेडमास्तर जमिनीवर आडवे झाले आणि भिंगातून बघत म्हणाले, "आठ." बायको वाकून म्हणाली, "आठ कुठलं, बी आहे तो." बाबांना बोलावलं. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला आणि "काही का असेना" असं तटस्थ मत दिलं. शेवटी मी दोन्ही पर्याय कागदावर लिहून घेतले आणि खाली तिघांच्या सह्या घेतल्या. हेडमास्तरांनी सही करताना 'वादग्रस्त' असं कंसात लिहिलं. त्यांना उठवायला आम्ही दोघं लागलो.

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाई माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान असतील. त्या फार कमी बोलतात. माणूस बोलत असतो तेव्हा त्या कानाने त्याचं ऐकतात आणि हाताने दुसऱ्याचं यंत्र उघडतात. मी माझी सगळी कर्मकहाणी सांगितली. अपमान, शिक्का, एकतीस वर्षं, सगळं.

"किती वर्षांचं आहे?" त्यांनी विचारलं.

"मी सत्तावन्न."

"यंत्र."

"अकरा."

त्यांनी घरी येऊन बघितलं आणि तीन वाक्यांत निकाल दिला. रॅम वाढवली तर पात्र होईल. डिस्क पूर्ण पुसावी लागेल, तेव्हा बॅकअप घेऊन ठेवा. रविवारी दहा ते एक मी मोकळी आहे, त्या वेळात लाईट एक क्षणही जाता कामा नये, गेली तर यंत्र दगड होईल.

बॅकअप! हा शब्द ऐकून माझं आयुष्य सार्थकी लागल्यासारखं वाटलं. लोकांना जपून ठेवणं म्हणजे काय ते कळत नाही. मला कळतं. "बाई, ते माझ्यावर सोडा," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी विचारणार होत्या, पण एकतीस वर्षांचा त्यांनाही आदर वाटला असावा.

शनिवारी दुपारी मी पडद्यावरची एकूण एक चित्रं मोजली. तेवीस होती. फोटोंचं, पत्रांचं, विजेच्या अर्जाचं आणि पहिल्याच रांगेत बाबांच्या पत्त्यांचं. ती सगळी मी पेन ड्राइव्हवर उतरवली. अकरा वर्षांचा संसार डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उतरला. मला आमच्या आटोपशीरपणाचं कौतुक वाटलं. मग खात्याच्या शिस्तीप्रमाणे तीन प्रती केल्या. एक मूळ प्रत कपाटात, एक कार्यालयीन प्रत देवघराखालच्या खणात आणि एक सुरक्षा प्रत वेगळ्या इमारतीत असायला हवी, पण वेगळी इमारत नसल्याने वेगळ्या मजल्यावर, म्हणजे हेडमास्तरांकडे. प्रत्येकीला पाकीट, पाकिटाला क्रमांक, क्रमांकाची नोंद रजिस्टरात. साक्षीदार म्हणून बायकोची सही घेतली.

"यात नक्की काय काय आलं?" तिने विचारलं.

"सगळं."

"बघितलंत उघडून?"

"सीलबंद वस्तू उघडून बघायची नसते," मी म्हणालो. "मी काय माझे फोटो फोनमध्ये ठेवलेत," ती म्हणाली आणि सही केली.

आता राहिली लाईट. आमच्याकडे लाईट जात नाही, पण पाण्याचा पंप सुरू झाला की सगळ्या इमारतीतले दिवे मान टाकतात आणि आमचा कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. बॅटरीचा डबा आहे, पण त्यातली बॅटरी कधीच गेली. आता त्याच्यावर कुंडी आहे. आणि पंप चालायचा तो नेमका दहा ते एक. तेव्हा मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो.

सेक्रेटरी दारातच म्हणाले, "तुम्ही पाणी खात्यात ना?"

"हो."

"आणि इमारतीचं पाणी बंद करा म्हणून तुम्ही आलात?"

"फक्त तीन तास. अत्यावश्यक काम आहे."

"काय काम?"

'वडिलांचे पत्ते' असं म्हणणार होतो, पण माझ्यातला कारकून जागा झाला. "जुन्या अभिलेखांचं जतन," मी म्हणालो.

त्यांनी अर्ज मागितला. मी दिला. त्यांनी तो वाचून परत दिला, कारण पंप बंद ठेवण्याचा अर्ज ठरलेल्या नमुन्यात नव्हता. आपल्याकडे तसा नमुनाच नाही, असं मी म्हणताच ते म्हणाले, "म्हणूनच नाकारतोय." हा माणूस मला एकदम आवडला. असल्या माणसाबरोबर मी आयुष्य काढलंय. मी घरी जाऊन नमुना तयार केला, तो त्यांच्याकडून मंजूर करून घेतला आणि मग त्याच नमुन्यात अर्ज केला. संध्याकाळी खालच्या फळ्यावर सूचना लागली: 'घर क्रमांक सातमधील अत्यावश्यक कामामुळे रविवारी पंप बंद राहील. रहिवाशांनी पाणी भरून ठेवावे. चौकशी घर क्रमांक सातमध्ये करावी.'

शेवटचं वाक्य मी मागितलं नव्हतं.

रविवारी बाई नवी रॅम घेऊन बरोबर दहाला आल्या. बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या वेळेला खुर्चीजवळ आले आणि खुर्चीत बाई बघून शेजारच्या स्टुलावर बसले. बाईंनी विचारलं, "बॅकअप आहे ना सगळा?"

"तीन प्रतींत," मी म्हणालो.

"मग पुसते."

"पुसा."

बाबा स्टुलावर पुढे सरकले. त्यांचा हात गुडघ्यावर माउस धरल्यासारखा होता, ते मी पाहिलं. पण माझं लक्ष पडद्यावरच्या टक्क्यांकडे होतं.

टक्के ही गोष्ट मला आता कळली आहे. पहिले तीस टक्के माणसाच्या आशेसाठी असतात. ते धावत आले. चौतीसला ते थांबले आणि थांबलेच. तेवढ्यात इमारत यायला लागली. पहिल्या मजल्यावरच्या काकू केसांना साबण लावलेल्या अवस्थेत डोक्याला टॉवेल गुंडाळून आल्या आणि म्हणाल्या, "किती राहिलं?" मी म्हणालो, "सहासष्ट टक्के." त्या म्हणाल्या, "माझ्या डोक्याचं बोला." मग सेक्रेटरी पाहणीला आले. मग हेडमास्तर आले, ते सुरक्षा प्रतीचं पाकीट छातीशी धरूनच आले, आणि त्यांनी सगळ्यांना किल्लीतल्या आठचा इतिहास सांगितला. बी निघाला. हेडमास्तर म्हणाले, "मी वादग्रस्त लिहिलं होतं."

बारा वाजता एकाहत्तर झाले. बायकोने साठवणीतलं पाणी काढून सगळ्यांना चहा केला. चहाने लोक जातील अशी माझी कल्पना होती, ते बसले. आमच्या खोलीत इतकी माणसं आईच्या वेळेनंतर प्रथमच बसली होती, असं मला उगाच वाटून गेलं. पावणेएकला शंभर झाले, पडदा उजळला आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. काकू टाळ्या न वाजवता घरी पळाल्या. सेक्रेटरी पंप सुरू करायला खाली गेले.

"बाबा, या," मी म्हणालो. "बसा तुमच्या जागी."

नव्या सिस्टीममध्येही तो खेळ होता. फक्त पत्ते जरा तरुण दिसत होते. बाईंनी तो उघडून दिला. कोपऱ्यात आकडा होता: शून्य.

"आता माझी प्रत लावा," मी ऐटीत म्हणालो आणि कपाटातलं पाकीट क्रमांक एक फोडलं. बाईंनी पेन ड्राइव्ह लावला. तेवीस चित्रं दिसली. बाईंनी एकावर बोट ठेवलं, दुसऱ्यावर ठेवलं. काहीच उघडेना. मग त्यांनी दुसरी प्रत मागितली. मग हेडमास्तरांनी छातीपासून पाकीट सोडवून तिसरी दिली.

"साहेब," बाई म्हणाल्या, "प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात हा बाण दिसतोय का?"

"दिसतोय. मला वाटलं शोभेचा आहे."

"ही वस्तू नव्हे. वस्तू कुठे आहे ते दाखवणारी खूण. आत जे होतं ते डिस्कवर होतं. ते मी पुसलं. घर पाडलं आणि दारावरची पाटी तेवढी जपली, असं झालंय." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मी उघडून बघायला हवं होतं. माझंही चुकलं."

"आणि पाटी तीन ठिकाणी जपली," बायको म्हणाली. पण म्हणता म्हणता तिचा आवाज उतरला, कारण तिनेही बाबांकडे पाहिलं.

हेडमास्तर उठले. इतक्या वर्षांत प्रथमच ते कुठून तरी न सांगता गेले. मी बाबांसमोर उभा राहिलो. चौकशीत साहेबांसमोर लोक कसे उभे राहतात ते मी बाजूच्या टेबलावरून अनेकदा पाहिलंय, आपला नंबर लागेल असं वाटलं नव्हतं. आईचं म्हणावं असं घरात तेवढंच एक रोज हलतं राहिलेलं होतं, आणि ते मी जपायच्या नादात घालवलं होतं.

"बाबा, आईचा आकडा माझ्या हातून गहाळ झाला."

बाबांनी शून्याकडे बघितलं. मग विचारलं, "म्हणजे आता पाच हजाराला कमी किती?"

"पाच हजार."

"नक्की ना? मागून कुठून तरी ते चार हजार नऊशे शहाऐंशी पुन्हा निघायचे नाहीत?"

"नाही निघणार," बाई म्हणाल्या. "वाईट वाटतं, पण नाही."

बाबांनी इतका मोठा श्वास सोडला की त्यांचा इस्त्रीचा शर्ट सैल झाला.

"सुटलो रे," ते म्हणाले. "तीन महिने मुद्दाम हरतोय. हरणं किती अवघड असतं तुला माहीत नाही. चांगले पत्ते आले की घाम फुटायचा. ते शेवटचे तीन-चार डाव तर आपोआप लागत होते, मी हाताने मोडले. आणि त्यात तू मागे उभा राहून खाकरत होतास."

"पण का बाबा?"

"पाच हजार झाले की बंद करायचं, असं ती म्हणून गेलीय ना? तिचं आयुष्यात कधी मोडलं का मी? हेही मोडता आलं नसतं. मग सकाळी दहाला मी काय करायचं होतं? खिडकीत बसून तुझी ही इमारत बघू?"

खाली पंप सुरू झाला, दिव्यांनी मान टाकली, पण नव्या रॅमचा गुण म्हणा की बाईंच्या हाताचा, कॉम्प्युटर बंद पडला नाही. घराघरात नळ वाजायला लागले. कुठेतरी वरच्या मजल्यावर नळ उघडाच राहिला असावा, कारण हेडमास्तरांच्या पळण्याचा आवाज आला.

बाईंनी खेळ सुरू करून दिला तेव्हा यंत्राने खेळाडूचं नाव विचारलं. बाबांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, आईचं नाव घातलं. मग पत्ते वाटले गेले आणि त्यांनी पहिल्या दमात काळी नव्वी उचलून लाल दश्शीवर बसवली. डोळे उत्तम आहेत.

एकतीस वर्षांत जो रकाना मी कोरा ठेवला होता, तो मला त्या दुपारी भरावा लागला. रजिस्टर आणून मी लिहिलं: 'गहाळ: एक नोंद. जबाबदार: अधोस्वाक्षरीकर्ता.' आणि 'तक्रारदाराचा शेरा' या जागेवर सहीसाठी ते बाबांसमोर धरलं.

"कसली सही?" बाबा मान तिरकी करून पडद्याकडे बघत म्हणाले. "बाजूला घे ते. एक डाव होत आलाय, आणि तुझ्या रजिस्टरामागे राजा दिसत नाही."